आमच्या हवाई गटाची उरलेली तीन माणसं

खानदेशात माणसं उन्हाळ्यात जातात, भाजून निघतात आणि पुढे आयुष्यभर त्या मुलखाला नावं ठेवतात. आम्ही डिसेंबरात गेलो. पहाटे जळगाव स्टेशनवर उतरलो तर मला कानटोपी, मफलर आणि बायकोची शाल असं सगळं एकाच वेळी हवंसं वाटलं. माझी बायको सुधा म्हणाली, "मी सांगत होते स्वेटर घ्या." मी ऐकलं नाही असं दाखवलं. ते मला सहज जमतं, कारण माझा डावा कान कामातून गेलेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे.

कान कसे गेले ते आधी सांगायला हवं, कारण या प्रवासाचं मूळही तिथेच आहे. मी कऱ्हाडचा. तरुणपणी नौदलात शिरलो आणि विमानवाहू जहाजाच्या डेकवर, इंजिनांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम केलं. ऐंशीच्या दशकात आमच्या जहाजावर जुनी विमानं निघायची होती आणि नवी अजून रुळायची होती. मधल्या काळापुरता थोडी जेट विमानं आणि थोडी हेलिकॉप्टर्स मिळून एक हवाई गट उभा केला. दोन मोठ्या सफरी झाल्या, जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं आणि गट मोडला. विमानं एकीकडे गेली, माणसं दुसरीकडे. मोठ्या तुकड्यांची स्नेहसंमेलनं होतात, भिंतीवर फोटो लागतात, पितळी पाट्या असतात. आमच्या गटाचं साधं बोधचिन्हसुद्धा मंजूर होऊन आलं नव्हतं. आता निवृत्तीत वेळ आहे, तेव्हा त्या गटाचा इतिहास आपणच लिहावा असं मी मनात घेतलं.

पण इतिहास एकट्याच्या डोक्यात मावत नाही. डेकवरच्या आमच्या टोळीतले बाकीचे गेले किंवा हरवले. उरलो आम्ही तिघं. मी, फैजपूरचा सुपडू आणि सोनगीरचा यशवंत. आणि त्यातले ते दोघं तीन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. तिघांना एका पंगतीला बसवायचं आणि तेव्हा आठवणी काढायच्या, असा माझा बेत होता. सुधाला हा बेत पहिल्यापासून कच्चा वाटत होता.

फैजपूर

जळगावहून एसटीने निघालो की भुसावळ मागे पडतं आणि मग केळी सुरू होतात. आमच्याकडे ऊस असतो, तोही दाट, पण उसातून माणूस पलीकडचं आकाश बघू शकतो. केळीच्या बागेत शिरलं की हिरव्या छताखाली थेट संध्याकाळ होते. रस्त्याच्या कडेला घड उतरवलेले, त्यांच्यावर केळीचीच पानं टाकलेली, ट्रकवाले चहा पीत उभे. सुधाने खिडकीतून बोट दाखवत विचारलं, "एवढी केळी खातं कोण?" कंडक्टरने आदराने उत्तर दिलं, "बठ्ठी, सगळी दुनिया खाते, मावशी."

सुपडू स्टँडवर ट्रॅक्टर घेऊन आला होता. जहाजावरही तो ट्रॅक्टरच चालवायचा. विमानाला मागून ढकलत, हलणाऱ्या डेकवर, दुसऱ्या विमानाच्या पंखाला धक्का न लावता जागेवर नेऊन ठेवायचं, हे त्याचं काम. आता मागे केळीची ट्रॉली असते, एवढाच फरक. तो पाऊणशेच्या घरात पोचलाय, पण स्टिअरिंगवर हात तोच, सैल आणि बेफिकीर. कानात मुलांनी घेऊन दिलेलं मशीन होतं.

"ये भो कऱ्हाडकर!" त्याने मला उचलायचा प्रयत्न केला. "वहिनी, याले खाऊ घालतं की नई? नुस्ता वाया गेला."

त्याच्या नावाची गंमत मी कऱ्हाडला सांगतो तेव्हा लोकांना खरी वाटत नाही. त्याच्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तो जन्मल्यावर आईने त्याला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. असं साधं, टाकाऊ नाव ठेवलं की दृष्ट लागत नाही आणि पोर जगतं. गट मोडल्याचा हुकूम आला त्या संध्याकाळी हाच सुपडू डेकच्या कठड्याला टेकून म्हणाला होता, "आपन या गटाले सुपात नई घातलं. घातलं असतं तं जगला असता." आम्ही सगळे हसलो होतो. तो हसला नव्हता.

त्याच्या घरी सगळं होतं. सून, नातवंडं, गरम गरम कळण्याची भाकरी, वर ठेचा. उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली ती काळसर भाकरी सुधाला इतकी आवडली की तिने पीठ बांधून घेतलं. फक्त सिंधूवहिनी नव्हत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता, ताज्या फुलांच्या हारासकट. त्या गेल्या तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि मला येता आलं नव्हतं. फोटोपुढे उभा राहिलो आणि हात जोडले. आम्ही सगळे गोव्यात नौदलाच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा अख्ख्या टोळीचं दुसरं घर म्हणजे सिंधूवहिनींचं स्वयंपाकघर होतं. यशवंताला कावीळ झाली तेव्हा वहिनींनी त्याला महिनाभर स्वतःकडे ठेवून घेतलं, बिनतेलाचं करून घातलं. तो त्यांना अक्का म्हणायचा.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. जुनं निघालं. पहाटे डेकवर सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका रांगेत चालायचं, नजर खाली, आणि पडलेला प्रत्येक खिळा, वॉशर, खडा उचलायचा. जेट इंजिनाने एक खडा गिळला तरी ते कामातून जातं. मग तो दिवस निघाला, ज्या दिवशी जहाज एकदम कललं आणि सुपडूचा ट्रॅक्टर विमानासकट कडेकडे घसरायला लागला. ब्रेक दाबून उपयोग नव्हता. सुपडू ओरडला, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? चॉक, म्हणजे चाकाखाली लावायची पाचर, लावणं हे यशवंताचं काम. त्याने सुपडूचं उघडलेलं तोंड पाहिलं, पोटावर झोकून दिलं आणि चाकाखाली पाचर सरकवली. ट्रॅक्टर थांबला तेव्हा सुपडूच्या उजव्या हाताला खाली फक्त समुद्र होता.

"मग त्याला बोलाव की," मी म्हणालो. "उद्या-परवा तुझ्या शेतात भरीत कर. मी सोनगीरला जातो, घेऊन येतो."

सुपडूचा चेहरा कठोर झाला. "त्याचं नाव काढू नको माह्या घरात."

"अरे, पण झालं काय?"

"सिंधू गेली त्या सकायी मी पयला फोन त्याले केला." तो खालच्या आवाजात बोलायला लागला, त्यामुळे मला कान पुढे करावा लागला. "पोरांले करू नई देला, स्वतः केला. पोरांपुढं मी रडलो नव्हतो. त्याच्यापुढं रडलो. सगयं सांगतलं, आदल्या दिवसापासून. अन् तो काय म्हने? बरं. बरं बरं. अन् ठेवला फोन. ना दहाव्याले, ना बाराव्याले. तिच्या हातचं खाऊन जगला तो मानूस."

सुधा कपाळाला आठी घालून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. नेहमीप्रमाणे मला वाटलं, मी जेवताना काहीतरी सांडलं.

धुळे

धुळ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण धुळ्याने माझी फजिती केली. स्टँडजवळच्या एका खाणावळीत मी शेवभाजी मागवली. कोल्हापूरच्या मुलखाशेजारचा माणूस मी, तिखटाचं मला काय कौतुक, असा तोरा होता. पहिल्या दोन घासांना काही वाटलं नाही. काळ्या मसाल्याचा डाव मागाहून असतो. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, चौथ्याला उचकी. शेजारच्या टेबलावरचे एक टोपीवाले चाचा उठले, स्वतःच्या ताकाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता परत जाऊन बसले. सुधा हसून हसून थकली.

मग सोनगीरची बस. कंडक्टरला मी "सोनगीर" सांगितलं, त्याने काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही आणि मी ठोकून दिलं, "बरं बरं." सुधा तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती. परिणाम असा की त्याने आम्हाला गावात न सोडता हायवेवर, पुलाच्या अलीकडे उतरवलं आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या ट्रकांच्या धुळीत आम्ही बॅगा ओढत किल्ल्याच्या दिशेने चालायला लागलो. सुधा चिडलेली असेल म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. अर्ध्या वाटेत तीच थांबली.

"तुम्हाला ऐकू आलं नाही की तुम्ही 'बरं बरं' म्हणता," ती माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. चला."

सोनगीर

सोनगीरला अजून तांबटांची काही घरं आहेत. तांब्या-पितळेची भांडी ठोकायचं काम गल्लीत उघड्यावर चालतं. आम्ही शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी हातोड्या पडत होत्या आणि सुधाने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मला मात्र बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी इतरांनाही माझ्याइतकंच ऐकू येत होतं. गल्लीतली माणसं बोलण्याऐवजी हातवारे करत होती. एकाने लांबूनच बोटाने घर दाखवलं. यशवंताच्या मुलाला मी मोबाइलवर निरोप धाडला होता, त्यामुळे वाट बघणं चालूच होतं.

यशवंत ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मागच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, सगळं लख्ख पुसलेलं. माणूस वाळलाय, पण बसणं तसंच, पाठ सरळ, पावलं जुळलेली. मला बघून उठला आणि मिठी मारली.

"जय भीम, भो! कव्हय उना?"

"आत्ताच आलो. रस्ता चुकलो."

"बरं, बरं," तो हसत म्हणाला.

सून चहा घेऊन आली. मी विचारलं, तब्येत कशी आहे? तो म्हणाला, "बरं शे." मी विचारलं, मुलगा कुठे नोकरीला? तो म्हणाला, "बरं, बरं." मी म्हणालो, सुपडूकडे जाऊन आलो. तो मान डोलवून म्हणाला, "बठ्ठं बरं शे."

सून मला म्हणाली, "आबांना थोडं कमीच ऐकू येतं. अन् बोलणंबी पहिल्यापासून कमीच."

सुधाने चहाचा कप खाली ठेवला. उठली, शांतपणे यशवंताच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमच्या खुर्चीखाली साप आहे."

सून किंचाळली. मी पाय वर घेतले. यशवंत चहा पीत राहिला.

"यांना अजिबात ऐकू येत नाही," सुधा म्हणाली. "थोडंसुद्धा नाही. चाळीस वर्षं मी अशाच माणसाबरोबर संसार केलाय, मला सांगू नका. हे तोंडाकडे बघून अंदाज करतात आणि 'बरं' म्हणतात. आणि फोनवर कुठलं तोंड दिसतंय?"

मला एकदम सगळं कळलं. ही लपवाछपवी आम्ही कुठे शिकलो ते मला पक्कं माहीत होतं. डेकवरच्या माणसांची दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, कानावर हेडफोन, आणि आवाज आला की हात वर करायचा. नापास झाला की डेक बंद, किनाऱ्यावर भांडारात बदली. ते कुणालाच नको असायचं. मग आम्ही काचेतून तपासणाऱ्याच्या बोटाकडे बघायचो. बोट बटणावर दाबलं की आमचा हात वर. अख्खी टोळी वर्षानुवर्षं अशी पास होत गेली. यशवंत त्यात सगळ्यांत तरबेज होता. घरी आल्यावरही त्याने तेच चालू ठेवलं, आणि असल्या गल्लीत ते कुणाच्या लक्षात येणार?

आता त्याला सांगायला हवं होतं. मी त्याच्यासमोर बसलो. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. डेकवर आम्ही शब्दांनी कधी बोललोच नव्हतो, सगळं हातांनी. ये, थांब, चॉक लाव, चॉक काढ. मी हातांनी घराचं छप्पर दाखवलं, मग ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फिरवलं, मग डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली. त्याला लगेच समजलं. चेहरा उजळला.

"अक्का! कशी शे अक्का?"

इंजिन बंद करायची खूण म्हणजे हात आडवा गळ्यावरून फिरवायचा. माझा हात तेवढा वर गेला आणि तिथेच थांबला. सिंधूवहिनींसाठी ती खूण मला करवेना. मी उठलो, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तोंड त्याच्या कानाला लावलं आणि जमेल तेवढ्या जोराने ओरडलो, "अक्का गेली! तीन वर्षं झाली!"

समोरच्या ओट्यावरची हातोडी थांबली. मग शेजारची.

"गई?" यशवंत म्हणाला. "कव्हय? माले कोनी सांगं नही."

"सुपडूने सांगितलं. फोनवर. त्याच सकाळी."

अगदी कानाला तोंड लावून ओरडलं की काहीतरी आत शिरत होतं, तरी हे मला तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"फोन उना व्हता," तो म्हणाला. "थंडीना दिन व्हतात. थंडीमा सुपडू दरसाल फोन करस, भरीत खावाले ये म्हनी. मी समजनू, भरीतनं बलावनं शे. म्हनं, बरं." त्याने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "गऊ नही. तठे गऊ तं बठ्ठासले समजी जाई, याना कान गयात."

सून दाराशी रडत होती. यशवंत उठला, आत गेला आणि बूट घालून बाहेर आला.

पुन्हा फैजपूर

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, सुधा आणि यशवंत सुपडूच्या शेतावर पोचलो. आदल्या रात्री सुधाने त्याच्या सुनेला फोन करून एवढंच सांगितलं होतं की आम्ही भरताला येतोय. किती जण, ते सांगितलं नव्हतं.

केळीच्या बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटला होता. त्यात लांबट, हिरवीगार वांगी भाजत होती. आमच्याकडे भरीत म्हणजे घरातल्या घरात गॅसवर एखादं वांगं. इथे पोतंभर वांगी, काड्यांचा धूर, बाजूला मोठी कढई पुऱ्यांसाठी, आणि लाकडाच्या लांबट बडगीत मिरची-लसूण ठेचणारी दोन माणसं. भाजलेलं वांगं सोलून त्याच बडगीत घालतात आणि ठेचतात. वास असा की आपण कशासाठी आलोय ते माणूस घटकाभर विसरतो.

सुपडू जाळापाशी होता. त्याने मान वर केली, यशवंताला पाहिलं आणि हातातली काडी टाकली.

"याले काहून आनलं?" तो माझ्यावर ओरडला. "मी काय म्हनलो व्हतो तुले?"

सुधा पुढे झाली. "भाऊ, त्यांना ऐकू येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं. तुम्ही बोललात त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांना वाटलं, तुम्ही भरताला बोलावताय."

"खोटं," सुपडू म्हणाला. "डेकवर सगयं समजे त्याले."

"बघून समजायचं," मी म्हणालो. "तुला आणि मला समजायचं तसंच."

यशवंत आमच्या तोंडांकडे बघत नव्हता. तो जाळाकडे वळून उभा होता, मान खाली, अपराध्यासारखा. सुपडूने कानातलं मशीन सारखं केलं. मग तो हळूहळू चालत यशवंताच्या मागे गेला, हातभर अंतरावर थांबला आणि साध्या आवाजात त्याच्या पाठीला म्हणाला, "सिंधू गेली."

यशवंत हलला नाही.

"यशवंता," सुपडू मोठ्याने म्हणाला. "सिंधू गेली रे."

ठेचणाऱ्यांचे हात थांबले. पुऱ्या लाटणारी सून वर बघायला लागली. यशवंत तसाच जाळाकडे बघत उभा. मी सुपडूचा चेहरा पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली, कारण तो बघण्यासारखा राहिला नव्हता. तीन वर्षं ज्या रागावर तो उभा होता, तो राग त्याच्या पायांखालून गेला होता, आणि आता त्याला धरायला काही नव्हतं.

मग त्याने यशवंताला खांद्याला धरून वळवलं. दोघं म्हातारे बांधावर बसले. सुपडूने एक हात त्याच्या मानेमागे घातला, त्याचं डोकं जवळ ओढलं आणि तोंड कानाला लावलं.

त्या दिवशी आमच्या हवाई गटाच्या इतिहासातलं एक अक्षरही निघालं नाही. वांगी एका बाजूने जळून कोळसा झाली, ती सुधाने आणि सुनेने बाहेर ओढली. सुपडूने पहिल्यापासून सांगायला घेतलं. आदल्या दिवशी तिला थंडी वाजून आली. ती म्हणाली, कशाला डॉक्टर, मी काढा घेते. रात्री श्वास लागला. जळगावला नेताना रस्त्यात तिने पाणी मागितलं. तो इतक्या जोराने ओरडून सांगत होता की शेजारच्या बागेतले मजूर कामं टाकून बांधावर येऊन उभे राहिले. आपलं इतकं आतलं दुःख सगळ्या शिवाराला ऐकू जातंय याची त्याला फिकीर नव्हती. एकेक वाक्य झालं की तो थांबायचा, मागे सरकून यशवंताच्या डोळ्यांत बघायचा, पोचलं की नाही ते.

आणि यशवंत दर वेळी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून विचारायचा, "मंग?"